टाच आणि चवडा

उमरग्याच्या आमच्या गॅरेजच्या पत्र्याच्या दारावर, आतल्या बाजूने, एका उजव्या पायाची आकृती होती. ती आधी खडूने काढलेली होती आणि मग, खडू पुसला जाऊ नये म्हणून, पंच आणि हातोडीने ठिपका ठिपका ठोकून पक्की केलेली होती. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकड्रायव्हर पंक्चर निघेपर्यंत तिच्यासमोर उभे राहत. काहींनी तिला लक्ष्मीचे पाऊल समजून हळदकुंकू वाहिले. एकाने तर झेंडूचे फूलही खोचले, आणि ते वाळून गळेपर्यंत कोणाला काढवले नाही. बसप्पा नावाचा आमचा एक जुना गिऱ्हाईक ड्रायव्हर होता, त्याला मात्र हिशेब जुळेना. "मिस्त्री," तो म्हणाला, "लक्ष्मी एका पायानंच आली का? डावा कुठं हाय?" माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ट्रकखालून मान न काढता म्हणाले, "डावा क्लचवर हाय."

ते पाऊल लक्ष्मीचे नव्हे, माझे आहे. माझ्या अठराव्या वर्षीचे. पुढे मी आयुष्यभर कविता शिकवली, थोडी लिहिलीही, आणि त्या लिहिलेल्यापैकी एका ओळीलाही कोणी कुंकू वाहिले नाही. त्यामुळे माझ्याकडून जगाला मिळालेली सर्वाधिक पूजनीय गोष्ट म्हणजे माझा तळपाय, हे या वयात मान्य करायला मला संकोच वाटत नाही.

आमचे घर म्हणजे गॅरेजच्या पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन खोल्या. मधली भिंत एका विटेची होती. पलीकडे हातोडा पडला की अलीकडच्या फळीवरची पितळी भांडी किणकिणत, आणि अलीकडे आई भाकरी थापू लागली की काठवटीतला तो ओला, मऊ, सारख्या अंतराने पडणारा आवाज पलीकडे गाडीखाली उताण्या पडलेल्या अण्णांना ऐकू जाई. ते भाकऱ्या मोजत. पाचवी तव्यावर पडली की रॉकेलच्या बोळ्याने हात पुसायला घेत. आमच्या घरात हुलग्याच्या शेंगोळ्यांना आणि अंबाडीच्या भाजीला डिझेलचा एक सूक्ष्म वास असे. औरंगाबादच्या वसतिगृहात तो पहिल्यांदा नाहीसा झाला तेव्हा मला जेवणात मीठ कमी आहे असे वाटत राहिले. चहा सगळ्यांसाठी गोड होई, अण्णांचा एकट्याचा बिनसाखरेचा. कोणी विचारले तर ते सांगत, "आमची साखर रगतात हाय." त्यासाठी दिलेल्या गोळ्या देवळीतल्या डबीत असत आणि त्या संपत नसत, यावरून त्या किती नियमाने घेतल्या जात ते कळावे.

घरात चप्पल येत नसे, यात विशेष काही नाही. आमच्याकडे ती गाडीतही येत नसे. अण्णांचा नियम असा की गाडीचे काम पुरे झाले की नारळ फोडायचा, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे आणि मग चपला बाहेर काढून आत बसायचे. ट्रकवाल्यांना हे सांगावे लागत नसे. त्यांच्या चपला केबिनच्या पायरीशीच निघत, आणि दहा टन कांदा अनवाणी पायाने हैदराबादला जाई. म्हणून पेडल या वस्तूचा आमच्या कुटुंबातला अर्थ उघड्या तळपायाला लागणारी गोष्ट, एवढाच होता. याहून निराळा अर्थ असू शकतो ही शंका त्या उन्हाळ्यापर्यंत कोणाला आली नव्हती.

त्या उन्हाळ्यात मी बारावी झाले होते आणि औरंगाबादला मराठी घेऊन बी. ए. करायचे ठरले होते. ठरले होते म्हणजे मी ठरवले होते, आईने हरकत घेतली नव्हती, आणि अण्णा म्हणाले होते, "ही हातातली गाडी जाऊ दे, मग तुला सोडून येतो." हातातली ती गाडी जाईपर्यंत मी वृत्तांची वही घेऊन गॅरेजच्या उंबऱ्यावर बसायची आणि लघुगुरूच्या खुणा मांडायची. माझे सगळे पुढचे आयुष्य एका गाडीच्या पाठीमागे रांगेत उभे होते, आणि ती गाडी कमरेएवढीही उंच नव्हती.

ती डॉक्टरीणबाईंची. बाईंनी गावात दवाखाना घालून वर्षही झाले नव्हते. त्यांचे हैदराबादचे मामा वारले आणि त्यांची विलायती गाडी भाचीच्या वाट्याला आली. तिच्यात दोन माणसे बसत, तिसऱ्याला जागा विचारायचीही सोय नव्हती. रंग जांभूळ चावल्यावर जिभेला चढतो तसा, आणि छताच्या जागी ताडपत्री. ट्रकड्रायव्हर तिला डबी म्हणत. बाई त्या डबीतून मुरूम गावापर्यंत बाळंतपणांना जात, आणि ज्या घरी मूल जन्माला येई तिथली अर्धी माणसे मूल पाहायची सोडून गाडीभोवती असत.

"मिस्त्री, ही दुसऱ्या गिअरला दात खाते," बाई म्हणाल्या.

"चढाला का उताराला?"

"उताराला. ब्रेक लावत खालचा गिअर घेतला की."

"डबल क्लच मारा."

"मारते. पण गिअर सुरळीत पडायला मधेच इंजिनाला एक झटका द्यावा लागतो, आणि त्याच वेळी ब्रेकही सोडता येत नाही. डावा पाय क्लचवर. उरतो एक पाय आणि पेडलं दोन."

"मंग तुमचे मामा काय करायचे?"

"एकाच पायाने दोन्ही. चवडा ब्रेकवर, टाच अ‍ॅक्सिलरेटरवर."

अण्णांनी हे थोडा वेळ मनात फिरवून पाहिले. "एकाच पायानं?"

"एकाच."

"माणूस बरा होता का?"

"कोण?"

"मामा."

माणूस बरा होता, असे बाईंनी सांगितले. मामांच्या मागे कोणा कारागिराने पेडले उतरवून पुन्हा बसवली होती आणि ती आता मामांच्या रीतीने जुळत नव्हती, एवढाच बिघाड होता. अण्णांनी जमिनीला गाल टेकवून आत पाहिले. ब्रेक दाबला की तो अ‍ॅक्सिलरेटरच्या खूप खाली बुडत होता, त्यामुळे चवडा खोल आणि टाच अधांतरी. शिवाय दोन्ही पेडलांत अंतर एवढे, की मधे आणखी एखादे राहिले असते. काम सांगायला सोपे होते. ब्रेक घट्ट दाबल्यावर त्याचा माथा अ‍ॅक्सिलरेटरच्या पातळीला, किंवा केसभर वर, येऊन थांबायला हवा. आणि टाचेला जागेवर सापडावी अशी एक पट्टी अ‍ॅक्सिलरेटरला जोडायला हवी. ब्रेकची दांडी आट्यांवर फिरवून लांब-आखूड करता येत होती. अर्धा आटा इकडे, अर्धा तिकडे. प्रश्न एवढाच होता की पुरे झाले हे कोणाच्या पायाने ठरवायचे.

"कुमे, हिकडं ये," अण्णांनी हाक मारली. "हात ऱ्हाऊ दे. पाय धुऊन ये."

आपला हा पाय त्या डबीत मावत नाही, असे ते आपल्या पायाकडे बोट दाखवून म्हणाले. अण्णा शिडशिडीत होते आणि त्यांचे पाऊल माझ्यापेक्षा जेमतेम बोटभर लांब होते. हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. का आले नाही याचे कारण मी लिहिता लिहिता शोधते आहे, आणि सापडते ते फारसे शोभेचे नाही. मला बोलावले गेले याचाच मला आनंद झाला होता.

पुढचे आठ दिवस मी त्या गाडीत अनवाणी बसून काढले. चामड्याच्या बैठकीला उन्हाने तडे गेले होते आणि तिच्यातून जुन्या अत्तराचा आणि उंदरांचा असे दोन वास आळीपाळीने येत. अण्णा खाली पडलेले; मला त्यांचा फक्त आवाज दिसे, असे म्हणण्याचा मोह मला अजून होतो. ते दांडीला अर्धा आटा देत आणि खालून विचारत, "काय लागतंय सांग."

"ब्रेक मऊ आहे."

"मऊ म्हंजे? लोणी मऊ आसतं, उशी मऊ आसती, म्हशीची कास बी मऊ आसती. नीट सांग."

"भिजवलेल्या पिठासारखा."

"कशाचं पीठ? ज्वारीचं का गव्हाचं?"

मी डोळे मिटले आणि पुन्हा दाबले. ज्वारीच्या पिठात बोट खुपसले की खड्डा तसाच राहतो. गव्हाची कणीक मात्र खचते आणि मग मनात नसल्यासारखी हळूहळू परत येते. "गव्हाचं," मी म्हणाले.

"मंग नळीत हवा हाय," अण्णा समाधानाने म्हणाले. "ज्वारीचं आसतं तर वायसर गेलेलं." आणि त्यांनी हवा काढली.

पुढे विद्यापीठात आम्हाला उपमा शिकवणाऱ्या सरांनी उपमान हे उपमेयाहून अधिक परिचित असावे असे सांगितले, तेव्हा वर्गात मी एकटीच होते जिला ते वाक्य ब्रेकची नळी वाटले. तोवर अण्णांनी माझी कितीतरी विशेषणे परत पाठवली होती. 'छान' परत आले. 'बरे' परत आले. 'थोडेसे जड' या शब्दांवर ते म्हणाले, "थोडंसं म्हंजे किती? भरलेली घागर का पाटी?" अ‍ॅक्सिलरेटरला पट्टी जोडल्यावर ती टाचेला कुठे टेकते हे सांगताना मी तळपायाच्या अशा जागांना नावे दिली ज्यांना भाषेत नावे नाहीत. आणि मग एके दुपारी ते जुळले. चवड्याखाली ब्रेक दबत गेला, लांब, ठाम, एक गुरू. त्याच्या पोटातच टाच कलली आणि इंजिन एकदा खाकरले, एक लघू. आणि गिअर लोण्यातून सुरी जावी तसा आत गेला. मी पुन्हा केले. गा, ल. गा, ल.

"काय पुटपुटायलीस?" खालून प्रश्न आला.

"मात्रा मोजते, अण्णा."

"मोज. पर टाच उशीर करायली."

त्याच दिवसांत घडलेली आणखी एक गोष्ट मी अनेक वर्षे या गोष्टीपासून वेगळी ठेवली होती. अण्णा रस्त्यापलीकडच्या हॉटेलातून चहा पिऊन आले ते एकाच चप्पलेवर. आई दारात तांदूळ निवडत होती. "दुसरी कुठं हाय?" तिने विचारले. अण्णांनी आपल्या पायांकडे पाहिले, दुसऱ्याच्या नावाचे पत्र चुकून उघडल्यावर पाहावे तसे. "पट्टा तुटला आसंल," ते म्हणाले. आई उठली, दोन ट्रक जाऊ दिले, रस्त्याच्या मधोमध पडलेली चप्पल घेऊन आली आणि जोडीला जोड लावून ठेवली. पट्टा शाबूत होता.  

गाडी द्यायच्या दिवशी सकाळी अण्णांनी एका ट्रकच्या कामासाठी जाड लोखंडी पट्टी गॅसने कापली आणि उरलेला तुकडा अंगणात निवायला टाकला. तापलेले लोखंड लालपणा गेला की गार लोखंडासारखेच दिसते. गॅरेजात वाढणाऱ्या मुलाला अक्षरांआधी हे शिकवतात. हात लावायचा नाही, हाताची मागची बाजू जवळ न्यायची. मला हे अण्णांनीच शिकवले होते. मग नारळ फुटला, स्वस्तिक निघाले, अण्णांनी चपला काढून भिंतीशी ठेवल्या, आणि डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या पायात सोलापूरहून आणलेल्या, दोन बोटे उंच टाचेच्या चपला होत्या. त्या तशाच आत बसल्या.

"बाई, चपला," अण्णा म्हणाले.

"काय झालं चपलांना?"

"पूजा झालीय गाडीची."

"मिस्त्री, वाटेत गाडी अडली तर मी बाभळीच्या काट्यांतून अनवाणी जायचं का? तिकडे बाळ थांबत नसतं." आणि त्यांनी किल्ली फिरवली.

अंगण तीस पावलांचे होते. बाईंनी गाडी पुढे घेतली आणि शेवटाला मामांच्या रीतीने ब्रेक दाबला. चवडा बरोबर पोचला. पण चप्पलेची टाच त्याच्या आधीच पोचलेली होती. गाडीने एकाच वेळी थांबायचे आणि जायचेही ठरवले, मोठ्याने ओरडली, आणि जुन्या टायरांच्या चवडीवर हलकेच कपाळ टेकून गप्प झाली. वरचा टायर निसटला, रस्ता ओलांडून हॉटेलापर्यंत गेला आणि तिथे, पोचल्यासारखा, आडवा झाला.

"गाडी बराबर हाय," अण्णा म्हणाले. "चप्पल उंच हाय."

बाई उतरल्या. हसावे की रागवावे हे त्यांचे ठरत नव्हते. "मिस्त्री, माप कोणाच्या पायाचं घेतलंत?"

"हिच्या."

"अनवाणी?"

"मंग? पाय आणखी कसला आसतो?"

आणि आपले म्हणणे सिद्ध करायला ते गाडीच्या उघड्या दाराशी गेले, आत वाकले, हाताने ब्रेक दाबून बाईंना पातळी दाखवू लागले. हे बघा, केसभर वर. हे बघा, पट्टी. ते नीट, सावकाश, अभिमानाने सांगत होते. मला करपल्याचा वास आला. तव्यावर विसरलेल्या भाकरीचा येतो तसा, आधी गोडसर आणि मग कडवट. भिंतीपलीकडून आईचा आवाज आला, "भाकरी करपली का काय?" आणि क्षणभराने, स्वतःशीच, "तवा तर चुलीवर न्हाय."

बाईंनी खाली पाहिले. अण्णांचा एक पाय मातीत होता आणि दुसरा मघाच्या त्या लोखंडी तुकड्यावर.

"मिस्त्री," त्या अगदी हळू म्हणाल्या, "पाय उचला."

"कंचा?" अण्णांनी विचारले.

या एका शब्दानंतर त्या अंगणात जे काही झाले ते माझ्या आठवणीत आवाजाशिवाय आहे. पाणी आले. अण्णांना टायरांच्या चवडीवर बसवले. टाचेवरची कातडी पांढरी पडून सुटली होती आणि ते तिच्याकडे, दुसऱ्याच्या वाहनाच्या नुकसानीकडे पाहावे तसे, हळहळून पण त्रयस्थपणे पाहत होते. जखम धुऊन झाल्यावर बाईंनी पर्समधून टाचणी काढली आणि त्यांना तोंड गाडीकडे फिरवायला सांगितले. "टोचलं की सांगा."

"आता," अण्णा म्हणाले. बरोबर होते. "आता." तेही बरोबर. "आता." बाईंचा चेहरा जरासा सैल झाला. मग त्यांनी मान वर केली, गाडीच्या बाजूच्या आरशात पाहिले, आणि त्या आरशात मी होते. टाचणी टेकली की माझा चेहरा आखडत होता आणि अण्णा तो वाचत होते. माझे वडील परीक्षेत माझी नक्कल करीत होते. बाईंनी हात लांब करून आरसा आकाशाकडे फिरवला.

त्यानंतर अण्णा एकदाही 'आता' म्हणाले नाहीत. टाचणी चवड्यावरून टाचेपर्यंत चालत गेली. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "सुरू केलं का?"

"झालं," बाई म्हणाल्या. "किती दिवसांपासून आहे हे?"

"आधी मुंग्या यायच्या. आता मुंग्या बी येत न्हाईत." मग ते घाईने म्हणाले, "पर कामात खोट न्हाय, बाई. म्या गाडी कानानं चालवतो."

"ब्रेक कानाने लागत नाही, मिस्त्री. तुम्ही दुरुस्त केलेला ट्रक तुम्हीच रस्त्यावर चालवून बघता. त्या रस्त्यावर माणसं असतात."

अण्णांनी मान खाली घातली. हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच तर त्यांनी मला पाय धुऊन यायला सांगितले होते. आठ दिवस मला वाटत होते की काय लागतंय ते सांगायला ते मला शिकवत आहेत. ते शिकवत नव्हते. ते विचारत होते.

"दोन गोष्टी," बाई म्हणाल्या. "आजपासून कुठल्याही ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. आणि एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही. काटा, खिळा, निखारा, तुम्हाला काहीच कळणार नाही, आणि एक दिवस पाय जाईल. घरातसुद्धा चप्पल."

"घरात?" पहिल्या अटीवर गप्प राहिलेले अण्णा दुसरीवर दचकले. "देवापुढं?"

"देवापुढंसुद्धा."

"देवाला कोण सांगणार?"

"म्या सांगते," आई म्हणाली. ती केव्हा दारात येऊन उभी राहिली होती कोणाला माहीत नाही. तिच्या हातात अण्णांच्या चपला होत्या, आणि तिने त्या, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांच्या पायांत स्वतः घातल्या. भाजलेल्या पायात अर्धीच गेली.

अण्णांनी थोडा विचार केला. माणूस सगळे हरला की एखादी लहानशी गोष्ट जिंकू पाहतो. "मंग तुमी बी बाई, गाडीत चपला काढायच्या."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, मग गाडीकडे. चपला काढल्या, शेजारच्या रिकाम्या बैठकीवर एखाद्या पाहुण्यासारख्या बसवल्या आणि अनवाणी आत बसल्या. गाडी रस्त्याला लागली. पुलाच्या अलीकडे उतार आणि वळण आहे. तिथे त्या दिसेनाशा झाल्या आणि आम्ही तिघे ऐकत राहिलो. ब्रेकचा लांब दाब. मधेच इंजिनाचे एक छोटे खाकरणे. आणि मग काहीच नाही; दात खाल्ल्याचा आवाज नाही. अण्णांचे डोळे मिटलेले होते. "पडला," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक माणूस कॅनव्हासचे बूट घालून चुलीपर्यंत येऊ लागला. आई रोज ते ओल्या फडक्याने पुसत असे आणि रोज म्हणत असे, की सासूबाई असत्या तर त्यांनी आधी आपल्याला घराबाहेर काढले असते आणि मग बुटांना. देवाने हरकत घेतल्याचे आढळले नाही. गॅरेजचे काय होणार हा प्रश्न त्याहून अवघड होता, आणि तो अण्णांनी कोणाला न विचारता सोडवला. ट्रक दुरुस्त झाला की ते आता ड्रायव्हरशेजारी बसत, ड्रायव्हरलाच चालवायला लावत, आणि विचारत, "काय लागतंय सांग." बसप्पाला त्यांनी खरे कारण सांगितले, कारण त्याच्यापासून काही लपवणे म्हणजे ते दोनदा सांगण्यासारखे होते. त्याने ऐकले, बुटांकडे पाहिले, आणि पहिल्याच फेरीला म्हणाला, "ब्रेक ढिल्ला लागतोय." "ढिल्ला म्हंजे?" अण्णा म्हणाले. "सैल नाडी ढिल्ली आसती, खाट बी ढिल्ली आसती. नीट सांग." बाकीच्या ड्रायव्हरांत मात्र अशी बातमी पसरली की मिस्त्री आता फार वरच्या पायरीला पोचले, ते गाडीला पाय लावत नाहीत, नुसते विचारतात. गिऱ्हाईक वाढले.

मी मात्र ट्रंक भरायची थांबवली होती. "मी नाही जात, अण्णा," एके सकाळी मी म्हणाले. "तुमच्याजवळ कोणीतरी नको का पेडल बघायला?"

अण्णा दाराच्या पत्र्याला टेकून बसले होते. त्यांनी खिशातून खडू काढला. "पाय दे," ते म्हणाले.

मी पाय पत्र्याला लावला. पत्रा उन्हाने तापू लागला होता, आणि त्याच्या पन्हळी तळव्याला एकेक मोजता येत होत्या. ते टाचेपासून सुरू करून, प्रत्येक बोटाला वळसा घेत, पुन्हा टाचेला आले. खडूचा स्पर्श गुदगुल्यांच्या अलीकडचा होता. "झालं," ते म्हणाले. "पाय हितं ऱ्हाऊ दे. बाकीची तू जा." आणि त्यांनी पंच आणि हातोडी घेतली. पत्र्याच्या पायाला काही लागत नसते, हे त्यांच्याइतके चांगले कोणाला ठाऊक असणार? त्या आकृतीचा पेडलांना कधी काडीचा उपयोग झाला नाही. पण त्याच दुपारी मी ज्या बसने एकटीच गेले तिच्या खिडकीतून ठोकण्याचा आवाज पुलापर्यंत ऐकू येत होता, आणि माझ्याच पायाचा आवाज मागे राहिलेला असल्यामुळे मला परत जायला जागा उरली नाही.

आता तो रस्ता चौपदरी झाला आहे, जिल्ह्याचे नाव बदलले आहे, आणि माझ्या नातवाच्या गाडीला क्लचच नाही. त्याचा डावा पाय प्रवासभर पाहुण्यासारखा बसून असतो. पत्र्याचे दार मी माझ्या घरी आणले, ते घराच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवले आहे. बाईंच्या धाकाने अण्णांचे दोन्ही पाय शेवटपर्यंत राहिले. फक्त करंगळी गेली. शेवटच्या वर्षांत मी सुटीला जायची तेव्हा ते ओट्यावर, पायांत बूट घालून, रस्त्याकडे तोंड करून बसलेले असत. प्रकृतीची चौकशी त्यांना आवडत नसे. मी शेजारी टेकले की थोड्या वेळाने म्हणत, "चप्पल काढ."

मी चप्पल काढून पाय शहाबादी फरशीवर ठेवायची.

"काय लागतंय सांग."

"कोमट आहे, अण्णा."

"कोमट म्हंजे?"

"गिरणीतून आणलेल्या पिठासारखी."

 दोन-तीन ट्रक जात. त्यांचे बूट माझ्या पायाशेजारी, त्याच फरशीवर, एका रेषेत ठेवलेले असत.

"ज्वारीचं का बाजरीचं?"

मी पाय उचलून पुन्हा नीट ठेवायची.